संत निकोलसची प्रतिमा : फळी उत्तम, पत्रकातला शब्द चुकीचा

पाचपैकी तीन तारे देते आहे. दोन कापले ते चित्रासाठी नव्हे, चित्राबरोबर आलेल्या कागदासाठी. कुणी म्हणेल, पत्रकाचं काय एवढं, फेकून द्यायचं. पण मी मुद्रितशोधनाचं काम करते, माझा सगळा दिवस दुसऱ्यांचे शब्द तपासण्यात जातो. आणि या कागदावरचा जो शब्द मला खटकला, त्याच शब्दावरून ख्रिस्ती लोक बाराशे वर्षांहून अधिक काळ एकमेकांशी वाद घालत आले आहेत. आमच्या घरातही तो वाद झाला. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मागवायचं कारण सांगते. माझ्या वडिलांचं नाव निकोलस. येत्या डिसेंबरात त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. त्यांच्या पाकिटात संत निकोलसचं एक छोटं कागदी चित्र असायचं, कडा झिजून मऊ पडलेलं. ते आम्ही त्यांच्याबरोबर शवपेटीत ठेवलं. तेव्हा ते योग्यच वाटलं होतं. सहा महिन्यांनी मात्र मला त्या चित्राची इतकी आठवण यायला लागली की त्यांच्या संताची एखादी प्रतिमा आपल्याजवळ असावी असं ठरवलं.

मी कॅथलिक घरातली, सासर प्रोटेस्टंट. सासूबाईंच्या वडिलांनी त्यांच्याकडून लहानपणी हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्नोत्तरांतून धर्मशिक्षण देणारं प्रोटेस्टंट पुस्तक, पाठ करून घेतली होती. त्यातली बरीच उत्तरं त्यांना आजही न अडखळता म्हणता येतात. आमच्या घरात भिंतीवर एक लाकडी क्रूस आहे, रिकामा. त्यावर ख्रिस्ताची आकृतीसुद्धा नाही. अकरा वर्षांच्या संसारात मी त्या भिंतीवर दुसरं काही लावलं नव्हतं. मला कुणी अडवलं नव्हतं, आणि लावावंसं मलाही कधी वाटलं नव्हतं.

आता वस्तूबद्दल. फळी २० सेंटिमीटर उंच, १५ रुंद, चांगली जाड. लाकूड खरं आहे, भुसा दाबून केलेली फळी नाही. मागे दोन आडव्या पट्ट्या खाचेत बसवल्या आहेत, त्यामुळे हवेतल्या ओलाव्याने फळी वाकत नाही. जुन्या प्रतिमांच्या मागे असतात तशाच. चित्र हाताने काढलेलं नाही आणि विक्रेत्याने ते आधीच स्पष्ट लिहिलं होतं. परंपरेने अशी प्रतिमा खडूच्या गुळगुळीत थरावर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी काढतात. इथे छापील चित्र फळीवर चिकटवून वरून वॉर्निशचा हात दिला आहे. त्याबद्दल तक्रार नाही. छपाई स्वच्छ आहे, सोनेरी रंग भडक नाही. फक्त आशीर्वाद देणाऱ्या उजव्या हाताच्या बोटांभोवती तांबडा रंग अगदी केसभर सरकला आहे. भिंतीवर लावल्यावर तो दिसत नाही. मागचा हुक मात्र ढिला आला. स्क्रू पिळून घ्यावा लागला.

चित्र मी पहिले दोन दिवस टेबलावर उभं करून ठेवलं होतं. रुंद, उंच कपाळ, आखूड पांढरी दाढी. खांद्यांवरून उतरणारा, क्रूस काढलेला बिशपचा पट्टा. डाव्या हातात शुभवर्तमानाचं पुस्तक आहे, पण उघड्या हातात नाही. वस्त्राचा पदर मध्ये घेऊन, झाकल्या हाताने धरलेलं आहे. वरच्या दोन कोपऱ्यांत बोटाच्या पेराएवढ्या दोन आकृती आहेत. एकीकडून प्रभू येशू पुस्तक पुढे करतो आहे, दुसरीकडून पवित्र मारिया तो पट्टा. त्यामागे अशी कथा सांगतात की ३२५ साली निकिया शहरात भरलेल्या बिशपांच्या परिषदेत, ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा नाही असं शिकवणाऱ्या एरियसच्या निकोलसने थोबाडीत मारली, म्हणून त्याची बिशपपदाची चिन्हं काढून घेतली गेली आणि मग ती अशी परत मिळाली. कथा फार उशिराची आहे, इतिहास म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. निकोलस चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा शहराचा बिशप होता, याच्या पलीकडे त्याच्याविषयी खात्रीचं फारसं काही हाती लागत नाही. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, ही गोष्ट माझे वडील दर सहा डिसेंबरला आम्हाला सांगायचे. पण कथा खरी असो वा नसो, चित्रकाराने तिच्यातून काढलेला अर्थ मला पटतो. या चित्रात निकोलसजवळ स्वतःचं असं काहीच नाही. हातातलं पुस्तक दिलेलं, खांद्यावरचा पट्टा दिलेला. आणि जे मिळालं तेही तो उघड्या हाताने धरत नाही.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल ग्रीक अक्षरं आहेत: हो हागिओस निकोलाओस. हागिओस म्हणजे पवित्र. पौल करिंथकरांना, फिलिप्पैकरांना पत्र लिहितो तेव्हा तिथल्या साध्या, एकमेकांशी भांडणाऱ्या, जिवंत माणसांना हाच शब्द वापरतो. आपल्या मराठी बायबलात तिथे ‘पवित्र जन’ असं छापलेलं असतं. म्हणजे ग्रीकमध्ये जिथे एकच शब्द आहे तिथे आपण दोन करून बसलो आहोत: पत्रात ‘पवित्र जन’ आणि भिंतीवर ‘संत’. सासूबाईंनी प्रतिमा पाहिल्यावर पहिला मुद्दा हाच काढला. “याला संत म्हणायचं तर तुझ्या वडिलांनाही म्हण ना,” त्या म्हणाल्या. त्यात टोचणी नव्हती. त्यांच्या मंडळीत प्रत्येक विश्वासणारा पवित्र जनच असतो, आणि माझ्या वडिलांविषयी त्यांना आदर होता.

आता पत्रक. चार घड्यांचा चकचकीत कागद, त्यावर पाच भाषांत मजकूर. मराठी मजकूर असा: ‘या संताची रोज श्रद्धेने पूजा करा. तो तुमच्या सर्व इच्छा पूर्ण करील.’ शेजारच्या इंग्रजी मजकुरात पूजा नाही, ‘व्हेनरेट’ असं क्रियापद आहे, म्हणजे आदराने वंदन करणं. आणि पुढचं वाक्य इच्छापूर्तीचं नाहीच. तुमच्या गरजांसाठी त्याने प्रार्थना करावी अशी त्याला विनंती करा, असं ते आहे. दोन ओळींच्या मजकुरात दोन चुका, आणि दोन्ही नेमक्या नको तिथे.

मी ते वाचून डोक्याला हात लावला. तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा लावून कागद उचलला. त्यांनी ती दोन वाक्यं दोनदा वाचली.

“हे काय गं?”

“आई, ते भाषांतर चुकलंय. आम्ही संतांची पूजा करत नाही.”

“भाषांतर चुकलं असेल,” त्या म्हणाल्या, “पण लोक जे करतात तेच त्यांनी लिहिलंय.”

या वाक्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. अजूनही पुरतं देता येत नाही. हे परीक्षण लिहायला बसले ते त्या वाक्यामुळेच.

ज्यांना हा वाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. ७८७ साली निकियातच दुसरी परिषद भरली. प्रतिमा ठेवाव्यात की फोडाव्यात हा प्रश्न तेव्हा साठ वर्षं पेटलेला होता. परिषदेने दोन ग्रीक शब्द वेगळे ठेवले. प्रोस्किनेसिस म्हणजे वाकून केलेलं वंदन. ते प्रतिमेला, क्रूसाला, शुभवर्तमानाच्या पुस्तकाला चालेल, त्यांच्यापुढे धूप आणि दिवेही चालतील, कारण चित्राला दिलेला मान चित्रातल्या व्यक्तीकडे जातो. लात्रेइआ म्हणजे आराधना. ती फक्त देवाची. मग या ठरावांचं लॅटिन भाषांतर पश्चिमेत फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारी पोहोचलं. त्यात वंदनासाठीही ‘आदोरात्सिओ’ हा आराधनेचा शब्द पडला होता. सायप्रसच्या एका बिशपने परिषदेत म्हटलं होतं की प्रतिमांचा मी आदराने स्वीकार करतो, पण आराधना मात्र केवळ त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एका देवाची, करतो. लॅटिनमध्ये ते नेमकं उलटं झालं: त्रैक्याची करतो तीच आराधना मी प्रतिमांची करतो! ७९४ साली फ्रँकफुर्टच्या सभेने हे मत धिक्कारलं. जे कुणी म्हटलंच नव्हतं त्याचा धिक्कार झाला. सगळा वाद त्या एका भाषांतरातून निघाला असं मात्र नाही. प्रतिमा सजावटीला आणि आठवणीला ठीक, त्यापुढे वाकू नये, असं फ्रँक धर्मपंडितांना मनापासूनच वाटत होतं. पण त्यांच्या हातात जो कागद पडला तो माझ्या हातात पडलेल्या पत्रकासारखाच होता. पुढे नवव्या शतकात रोममध्ये त्या ठरावांचं नवं भाषांतर करावं लागलं.

म्हणून मला हा शब्द क्षुल्लक वाटत नाही. मराठीत पूजा म्हटलं की वाचणाऱ्याला पूज्य मानणं आठवत नाही, देव आठवतो. आपल्याजवळ वंदन आहे, नमन आहे, आदर आहे, मान देणं आहे. इतके शब्द हाताशी असताना नेमका जो नको तोच उचलला.

सासूबाईंना मी मत्तयाचा चौथा अध्याय काढून दाखवला. सैतानाला येशू उत्तर देतो तिथे मराठीतही दोन क्रियापदं आहेत, नमन आणि उपासना, आणि ‘केवळ’ हा शब्द उपासनेला जोडलेला आहे, नमनाला नाही. निकियातल्या बिशपांनी याच वाक्यावर बोट ठेवलं होतं. अब्राहाम हेथी लोकांपुढे वाकतो, याकोब एसावापुढे सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो; कुणी त्याला मूर्तिपूजा म्हणत नाही. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय उघडला. कर्नेल्य पेत्राच्या पाया पडतो. पेत्र त्याला उठवतो आणि म्हणतो, मीही माणूसच आहे. मग प्रकटीकरणाचा एकोणिसावा अध्याय: योहान दूताच्या पाया पडतो, दूत म्हणतो, असं करू नकोस, मी तुझ्याबरोबरचा दास आहे. “तुझ्या त्या दोन शब्दांतला हलका शब्दच आहे ना इथे?” त्यांनी विचारलं. मी ग्रीक पाहिलं. दोन्ही ठिकाणी प्रोस्किनेसिसचंच क्रियापद आहे. पेत्र आणि दूत, दोघांनीही हलका शब्दसुद्धा स्वतःसाठी घेतला नाही.

आमच्या बाजूचं उत्तर असं की त्या दोघांना त्यात आराधनेचा वास आला म्हणून त्यांनी अडवलं. ते उत्तर मला मान्य आहे. पण वास येऊ शकतो, हेही त्यातच आलं.

त्यांचा सगळ्यात जड मुद्दा पितळी सापाचा होता. मोशेने तो देवाच्याच सांगण्यावरून केला, त्याच्याकडे पाहून माणसं वाचली. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, आणि बायबल त्याबद्दल त्याची स्तुती करतं. “देवाने स्वतः करायला सांगितलेली वस्तूही टिकली नाही गं,” त्या म्हणाल्या. “मग ही कुठल्या कारखान्यातली फळी!” सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याचंही म्हणणं थोडंफार हेच होतं. लात्रेइआ देवाला आणि दुलिया, म्हणजे सेवा, संतांना, अशी वाटणी कागदावर छान दिसते. पण जे मुळात देव नाहीत त्यांची तुम्ही सेवा करत होता, असं पौल गलतीकरांना बजावतो ते याच दुसऱ्या शब्दाचं क्रियापद वापरून. गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या मनात ती वाटणी कोण तपासणार?

माझ्यापुरतं मी तपासू शकते, असं मी सासूबाईंना म्हटलं. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

खरा प्रश्न मूर्तीचा किंवा फळीचा नव्हताच. तो माझ्या वडिलांचा होता. परीक्षेच्या आदल्या रात्री, बाळंतपणाच्या आधी, नोकरी गेली तेव्हा मी त्यांना फोन करायचे: बाबा, माझ्यासाठी विनंती करा. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, हे पौलाने तीमथ्याला लिहिलेलं वाक्य मलाही पाठ आहे. पण बापाला प्रार्थना करायला सांगितल्याने ख्रिस्ताचं मध्यस्थपण कमी होतं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. सासूबाईंनीही नाही. त्या स्वतः बाबांसाठी तीन आठवडे रोज रात्री प्रार्थना करत होत्या. मग तो माणूस प्रभूजवळ गेल्यावर त्याला तेच सांगायचं नाही?

“तेव्हा ते ऐकत होते,” सासूबाई म्हणाल्या. “आता ऐकतात असं देवाने कुठे सांगितलंय?”

मी प्रकटीकरणातली धूपाने भरलेली सोन्याची पात्रं सांगितली, पवित्र जनांच्या प्रार्थना. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की पात्रांत प्रार्थना आहेत, पण त्या प्रार्थना ती पात्रं धरणाऱ्या स्वर्गातल्या वडीलजनांना उद्देशून केल्या होत्या असं तिथे लिहिलेलं नाही. बरोबर आहे, नाही लिहिलेलं. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मेलेला यिर्मया संदेष्टा लोकांसाठी प्रार्थना करताना दिसतो. पण ते पुस्तक त्यांच्या बायबलात नाही.

याच शोधात मला एक गोष्ट सापडली आणि ती मी दोन्ही बाजूंच्या लोकांना आवर्जून सांगते. १५३० सालच्या आउग्सबुर्ग विश्वासकथनात लुथरन मंडळींनी संतांचा धावा करायला नकार दिला, हे सर्वांना माहीत असतं. पण पुढच्याच वर्षी त्या विश्वासकथनाच्या समर्थनासाठी जो मजकूर लिहिला गेला, त्यात त्यांनी मान्य केलं की जिवंत असताना संत जसे सगळ्या मंडळीसाठी प्रार्थना करतात तसेच स्वर्गातही करतात. अडचण इतकीच की त्यांना हाक मारा अशी आज्ञा शास्त्रात नाही आणि ते ऐकतीलच असं वचनही नाही. शिवाय त्याच मजकुरात संतांना देण्याचे तीन मान सांगितले आहेत: त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानायचे, त्यांच्यावर झालेली दया पाहून आपला विश्वास बळकट करायचा, आणि त्यांच्या विश्वासाचा व सद्गुणांचा कित्ता गिरवायचा. सासूबाईंची परंपरा लुथरन नाही, रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या वळणाची आहे, या बाबतीत अधिक कडक. तरी हे तीन मान त्यांना वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “यात मला काही अडचण नाही.” आणि आत जाऊन त्यांची प्रार्थनेची वही घेऊन आल्या.

ही वही मी रोज पाहते, पण आत कधी डोकावले नव्हते. पानाच्या मधोमध पेन्सिलीची रेघ. डावीकडे विनंत्या, उजवीकडे उपकारस्तुती. बाबांचं नाव तीन आठवडे डावीकडे होतं, रोज नव्याने लिहिलेलं. अंत्यविधीच्या रात्री ते डावीकडून गेलं. त्या वेळी मला ते फार लागलं होतं. मेलेल्यांसाठी तुम्ही प्रार्थनासुद्धा करत नाही, असं मी नवऱ्याजवळ रडून बोलले होते. मला हे माहीत नव्हतं की त्याच रात्री ते नाव रेघ ओलांडून उजवीकडे गेलं होतं. तिथे ते आजही आहे, प्रत्येक पानावर. स्मुर्णा शहराचा बिशप पोलिकार्प याच्या हौतात्म्याविषयी तिथल्या मंडळीने दुसऱ्या शतकात जे पत्र लिहिलं, त्यात असाच भाव आहे: ख्रिस्ताची आम्ही आराधना करतो, हुतात्म्यांवर प्रभूचे शिष्य म्हणून प्रेम करतो. त्याच्या अस्थी त्यांनी रत्नांपेक्षा मोलाच्या मानून गोळा केल्या आणि दर वर्षी त्याचा दिवस पाळायचं ठरवलं. तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी वाटणी नव्हती.

अस्थींचा विषय निघालाच आहे तर विक्रेत्याबद्दलची दुसरी तक्रारही लिहिते. ऑर्डर देताना पानावर एक चौकट येते: संताच्या अवशेषाला लावलेला कापडाचा तुकडा जास्त पैसे भरून घ्या. मी ‘नको’वर टिचकी मारली. पौलाच्या अंगावरचे रुमाल आजाऱ्यांना लावल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत आहे, ते मला मान्य आहे. पण पौलाने ते विकले नाहीत. पवित्र अवशेष विकायला आमच्या धर्मसभेच्या कायद्याची, १९८३ च्या संहितेतल्या ११९०व्या कलमाची, साफ मनाई आहे. कापड हा अवशेष नव्हे अशी पळवाट कुणी काढेलही. मला ती चौकट पाहून लाज वाटली, आणि सासूबाईंनी ती पाहिली नाही याचं बरं वाटलं.

पत्रकावर परत येते. त्यातलं दुसरं वाक्य, इच्छा पूर्ण करण्याचं, मला पहिल्यापेक्षाही जास्त चुकीचं वाटतं. ट्रेंटची परिषद काही प्रोटेस्टंटांची नव्हती, आम्हा कॅथलिकांचीच होती. तिने डिसेंबर १५६३ मध्ये संतांचा धावा चांगला आणि उपयोगी असं ठरवलं, पण कशासाठी तेही लिहिलं: देवाकडून, त्याचा पुत्र येशू ख्रिस्त याच्या द्वारे, कृपादानं मिळावीत म्हणून, आणि तोच एकटा आपला तारणारा. प्रतिमेत स्वतःची काही दैवी शक्ती असते असं मानायचं नाही, अंधश्रद्धा आणि पैसे उकळणं बंद करायचं, हेही तिथेच आहे. हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी, सासूबाईंना पाठ आहे ती, त्याच १५६३ सालची. तिच्यात संतांचा धावा करू नये आणि मंदिरात प्रतिमा ठेवू नयेत असं स्वच्छ सांगितलं आहे. या दोन दस्तऐवजांचं एकमेकांशी पटत नाही. पण माझ्या खोक्यातलं पत्रक दोघांनीही नापास केलं असतं.

आमच्या लितानीत, म्हणजे एकाने नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं अशा प्रार्थनेत, हा फरक लहान मुलांच्याही तोंडी असतो. देवाचं नाव आलं की ‘आमच्यावर दया कर’, संताचं नाव आलं की ‘आमच्यासाठी विनंती कर’. मी सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं की सगळीकडे असंच म्हणतात का. मला खरं सांगावं लागलं: पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स उपासनेत मारियेला ‘आमचं तारण कर’ असंही म्हणतात. ते लोक त्याचा अर्थ तुझ्या प्रार्थनेने वाचव असा घेतात. पण शब्द तसे आहेत खरे.

ग्राहकसेवेला मी पत्र लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, सभ्य भाषेत, चूक मान्य करून. प्रतिमा बदलून हवी का असंही विचारलं. मी नको म्हटलं. दोन आठवड्यांनी सुधारलेल्या पत्रकाचा नमुना त्यांनी मेलवर पाठवला. एवढी तत्परता मी क्वचित पाहिली आहे, आणि तिसरा तारा त्यासाठीच आहे. ‘पूजा’ जाऊन ‘वंदन’ आलं होतं. पण दुसरं वाक्य तसंच: ‘तो तुमच्या सर्व इच्छा पूर्ण करील.’

प्रतिमा आता माझ्या खोलीत, माझ्या टेबलाच्या वर आहे. बाहेरच्या खोलीत, जिथे रात्रीची कौटुंबिक प्रार्थना होते, तिथे लावणार नाही, हे मी आपणहून सांगितलं. तिथे सासूबाईंचा विवेक दुखवून मला काही मिळवायचं नाही. माझ्या खोलीत मी सकाळी निकोलसपुढे उभी राहते आणि म्हणते, आमच्यासाठी विनंती कर. मग त्याच श्वासात बाबांनाही म्हणते. बाबांना संत म्हणून धर्मसभेने जाहीर केलेलं नाही. मी सासूबाईंचा ‘पवित्र जन’ घेते आणि त्यांना हाक मारते. हे मी त्यांना सांगितलं आहे. त्यांना ते पटलेलं नाही.

नमुन्याच्या कागदावर आम्ही दोघींनी मिळून दुसरं वाक्य लिहायला घेतलं. एक सबंध दुपार गेली. शेवटी विक्रेत्याला पाठवलं ते असं: ‘संत निकोलसबद्दल देवाचे आभार माना, त्याच्या औदार्याचा कित्ता गिरवा, आणि आमच्यासाठी देवाजवळ विनंती कर, असं त्याला सांगा.’ पहिल्या दोन तुकड्यांवर सासूबाईंनी बरोबरची खूण केली. तिसऱ्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाल्या, “हा तुझा.” मी तो ठेवला.

विक्रेत्याचं उत्तर यायचं आहे. पत्रक सुधारलं तर तारे वाढवीन. तोवर मागवणाऱ्यांनी प्रतिमा जरूर मागवावी, हुकाचा स्क्रू पिळून घ्यावा, आणि कागदाची मराठी बाजू वाचू नये.